‘डॉक्टर का व्हायचंय?’ : एका प्रश्नाचा मुंबईतला इतिहास

आजचा एपिसोड थोडा घरगुती आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लेखी आवृत्ती. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे ‘अं... अं...’ आणि मागे वाजणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात.

तर झालं असं. गेल्या रविवारी मी लालबागला मावशीकडे होतो. माझी मावसबहीण अठरा वर्षांची आहे. नीटचा स्कोअर चांगला आलाय, आणि पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजने, म्हणजे एएफएमसीने, तिला पुढच्या फेरीसाठी बोलावलंय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, महाराष्ट्रात एमबीबीएसला मुलाखत नसते. नीटचा रँक, सीईटी सेलच्या फेऱ्या, यादी, संपला विषय. पण एएफएमसीचं तसं नाही. नीटच्या स्कोअरवर आधी निवडक मुलांना बोलावतात, मग इंग्रजी आणि तर्कशक्तीची कॉम्प्युटरवर परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, आणि मग समोरासमोर मुलाखत. तिलाही गुण असतात.

आता घरात ‘इंटरव्ह्यू’ दिलेला माणूस कोण? मी. बी.टेक., सॉफ्टवेअरवाला, तीन कंपन्या बदललेला. मावशी म्हणाली, “तू घे रे तिची तयारी.” म्हणून मी खुर्चीवर, ती समोर पलंगाच्या कडेला, आणि मावशी ओट्यापाशी ‘मी ऐकतच नाहीये’ असं दाखवत उभी. मी घसा खाकरून पहिला प्रश्न टाकला : “व्हाय डू यू वॉन्ट टू बिकम अ डॉक्टर?”

तिने सुरू केलं. लहानपणापासूनचं स्वप्न, समाजसेवा, नोबल प्रोफेशन. एका दमात, एकही चूक नाही. आणि मला एक शब्दही खरा वाटला नाही. तीन व्हिडिओ बघून एक टेम्पलेट तयार झालं होतं.

मी विचारलं, “खरं काय ते सांग ना.” ती गप्प. मग मराठीत काहीतरी सांगायला लागली, आजीबद्दल, दवाखान्याबद्दल, गिरणीतल्या आजोबांबद्दल. आणि मी काय केलं असेल? मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, “हे नको. रडगाणं वाटेल. पॉझिटिव्ह ठेव.”

हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत येऊ. त्या रात्री घरी जाताना करी रोडच्या पुलावर मला वाटलं, आपण काहीतरी गडबड केलीय. मग मी आठवडाभर एकच गोष्ट वाचत बसलो : हा प्रश्न आपल्या शहरात आधी कोणाला विचारला गेला, आणि त्यांनी काय उत्तर दिलं?

आधी अगदी सुरुवातीला जाऊया. १८२६ मध्ये मुंबईत एक वैद्यकीय शाळा निघाली होती. डॉ. जॉन मॅक्लेनन नावाचे सर्जन ती चालवत. तिथे शिकवणं चालायचं ते देशी भाषांतून, आणि मॅक्लेनननी पुस्तकंही मराठीत आणायला घेतली होती. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी या शहरात शरीरशास्त्र मराठीतून शिकायची सोय होती! पण १८३२ मध्ये सरकारने ती शाळा बंद केली.

त्यानंतर आलं भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी कल्पना उचलून धरली होती, पण ते १८३८ मध्येच वारले. त्यांच्या नावाने कॉलेज सुरू झालं १८४५ मध्ये, शेजारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे.जे. रुग्णालय. इथे शिक्षण इंग्रजीतून. म्हणजे दाराशी पहिली चाळणी कसली, तर भाषेची. ज्याला इंग्रजी येतं तोच आत.

पहिल्या तुकडीत कोण होतं बघा. भाऊ दाजी लाड, मूळ गोव्यातल्या मांजऱ्याचे, एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले आणि तिथेच शिकवणारे. चांगली मास्तरकी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. त्यांच्याबरोबर आत्माराम पांडुरंग, जे पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. ही तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. भाऊ दाजींनी भावाबरोबर गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला, कुष्ठरोगावरच्या औषधावर काम केलं, आणि उरलेल्या वेळात प्राचीन शिलालेख वाचले. आज राणीच्या बागेतलं म्युझियम त्यांच्या नावाने आहे.

पण त्या बाकांवर एकही मुलगी नव्हती, कारण तोपर्यंत मुलींना हा प्रश्न कोणी विचारतच नव्हतं. पुढची पस्तीसेक वर्षं तसंच चाललं.

आणि मग येते आपली आनंदी. ‘आनंदी गोपाळ’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल. कल्याणची, जन्म ३१ मार्च १८६५. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहाच दिवस जगलं. नवरा गोपाळराव पोस्टात, बदलीची नोकरी. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग कलकत्ता, श्रीरामपूर. बायकोला शिकवायचंच या हट्टाने गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, धर्म बदला, मग बघू. तो पत्रव्यवहार अमेरिकेत एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असताना वाचला. आपण तिथे रील्स बघतो. त्यांनी पत्र लिहिलं, आणि एका मुलीचं आयुष्य फिरलं.

आता मला जे सापडलं ते ऐका. २४ फेब्रुवारी १८८३. श्रीरामपूर कॉलेजचं सभागृह. आनंदीबाई इंग्रजीत जाहीर भाषण करतायत, कारण त्या अमेरिकेला निघाल्याचं कळल्यापासून लोकांनी भंडावून सोडलंय. भाषणाची रचनाच प्रश्नोत्तरांची. सहा प्रश्न. मी माझ्या भाषेत सांगतो. अमेरिकेलाच का? भारतात शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि शेवटचा, आजवर कोणत्याच बाईने जे केलं नाही ते तूच का करायचं?

मी हे वाचून लॅपटॉप बाजूला ठेवला. हा मॉक इंटरव्ह्यूच आहे! फरक एवढाच की पॅनेलमध्ये अख्खा समाज बसलाय, आणि प्रश्नही तिने स्वतःच मांडलेत. लोक पाठीमागे जे कुजबुजत होते ते तिने एकेक करून पुढ्यात घेतलं. इंटरव्ह्यूच्या तयारीवर एवढं बोलतो आपण, पण ‘सगळ्यात अवघड प्रश्न आधी स्वतःच स्वतःला विचार’ हे करतो का? मी तर नाही करत. पगार किती हवा, हा प्रश्न आला की आजही मी पाणी पितो.

७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून बोटीत बसली. अमेरिकेत पोचल्यावर २८ जून १८८३ ला तिने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला अर्जाचं पत्र लिहिलं. आजच्या भाषेत स्टेटमेंट ऑफ पर्पज. वय अठरा. माझ्या मावसबहिणीएवढं.

त्या पत्रात काय आहे? एक, ती कबूल करते की प्रवेशाच्या सगळ्या अटी मी कदाचित पूर्ण करत नसेन, पण म्हणून मला नाकारू नका. दोन, मित्रमंडळी आणि जात, दोघांचा विरोध पत्करून मी इथवर आले, हीच माझी पात्रता समजा. तीन, आणि हे महत्त्वाचं, माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय. बघा, ‘समाजसेवा’ असा एक ढोबळ शब्द वापरून ती सुटलेली नाही. कोणाची सेवा, ती आज का होत नाही, आणि ती मीच का करू शकते, तिन्ही सांगितलं. डीन रेचल बॉडली यांनी तिला घेतलं. ११ मार्च १८८६ ला ती एम.डी. झाली. परत येऊन कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागात रुजू व्हायचं होतं, पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बावीसचीही झाली नव्हती.

आता गिरगावात या. आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत होत्या त्याच काळात इथे एक मुलगी वेगळ्याच पॅनेलसमोर उभी होती. रखमाबाई. जन्म १८६४. लग्न अकराव्या वर्षी, दादाजी भिकाजी यांच्याशी. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, गिरगावातले नावाजलेले डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, ग्रँट मेडिकलमध्ये शिकवणारे. त्या घरात ही मुलगी पुस्तकं मागवून वाचायची आणि सासरी जायला नकार द्यायची. १८८४ मध्ये नवऱ्याने हायकोर्टात दावा टाकला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो उलटला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

तिचं उत्तर होतं, तुरुंग चालेल. २२ वर्षांची मुलगी. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि १८८९ मध्ये ती लंडनला निघाली, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकायला. १८९४ मध्ये डॉक्टर झाली, मग सुरतेत आणि राजकोटमध्ये आयुष्यभर काम केलं. १९५५ मध्ये मुंबईतच गेली.

तिला लंडनचा रस्ता दाखवणारी बाई म्हणजे डॉ. एडिथ पीची. हिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६९ मध्ये एडिनबरा विद्यापीठात ज्या मोजक्या मुलींनी वैद्यकीय शिक्षणासाठी धडक दिली, त्यांतली ही एक. रसायनशास्त्रात पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्यांत पहिली आली, म्हणजे होप शिष्यवृत्ती तिचीच. पण बाई म्हणून ती डावलून तिच्या खालच्या मुलांना दिली गेली. १८७० मध्ये शरीरशास्त्राच्या परीक्षेला जाताना जमावाने दार अडवलं, चिखलफेक केली, आणि परीक्षा चालू असताना आत चक्क एक मेंढरू ढकललं. असलं सगळं भोगलेली ही बाई १८८३ च्या डिसेंबरात मुंबईत आली, कामा हॉस्पिटलची धुरा घ्यायला. त्याच वर्षी ग्रँट मेडिकलचे दरवाजे मुलींना उघडले होते. जिच्यासाठी दार लावलं गेलं होतं, तिने दुसऱ्या शहरात दुसरीसाठी ते उघडून धरलं.

आता परळ. तुम्ही केईएमवरून रोज जात असाल. पण तिथे कोनशिलेपलीकडे एक अट दडलीय. गोवर्धनदास सुंदरदास हे मोठे व्यापारी. त्यांच्या संपत्तीतून त्यांच्या विश्वस्तांनी मेडिकल कॉलेजसाठी देणगी देऊ केली, पण अट घातली की इथले अध्यापक हिंदी असतील, आणि सरकारी नोकरीतले नसतील. का? कारण त्या काळात सरकारी कॉलेजातल्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतेक गोऱ्यांकडे. आपला माणूस कितीही शिकला तरी प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंत पोचणं कठीण. म्हणजे टेबलाच्या अलीकडे आपण आलो होतो, पलीकडे नव्हतो. सेठ जी.एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम उभं राहिलं ते या खुर्चीसाठीसुद्धा. रुग्णालयाचं उद्घाटन जानेवारी १९२६. कॉलेजची बरीच वर्षं धुरा वाहिली डॉ. जीवराज मेहतांनी, तेच पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. आणि हे सगळं कुठे, तर गिरण्यांच्या भोंग्यांच्या मधोमध.

पण आपले लोक टेबलापलीकडे बसले म्हणून प्रश्न सुटला का? तर नाही. आता हा भाग खास माझ्या इंजिनिअर मित्रांसाठी.

स्वातंत्र्यानंतर बऱ्याच राज्यांत मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला मुलाखत असायची. कर्नाटकात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, यावरून खटला झाला. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने चित्रलेखा प्रकरणात सांगितलं की मुलाखत घेण्यात तत्त्वतः चूक नाही. तमिळनाडूत एमबीबीएसला २७५ पैकी ७५ गुण मुलाखतीला होते, आणि एकेका मुलाला मिळायची तीनेक मिनिटं. तेही पेरियाकरुप्पन प्रकरणात कोर्टात गेलं. आणि मग १९८१ चं अजय हासिया प्रकरण. श्रीनगरचं रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज. लेखी परीक्षा १०० गुणांची, मुलाखत ५० ची. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि मुलांचं म्हणणं असं की विचारलं काय, तर वडील कोण, राहतोस कुठे. लेखीत मागे असलेले मुलाखतीच्या गुणांवर पुढे गेले. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की एकूण गुणांच्या एक तृतीयांश गुण तोंडी परीक्षेला ठेवणं मनमानी आहे, १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. आणि जमलं तर मुलाखती टेप करा, असंही सुचवलं.

वडील कोण, राहतोस कुठे. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मुलीला हे दोन प्रश्न किती जड जाऊ शकतात, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आमचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरात तो कधी संपलाच नाही. म्हणून गुणांची यादी लागते तेव्हा आमच्यासारख्यांना हायसं वाटतं. यादी आडनाव विचारत नाही. नीट तर आता मराठीतूनही देता येते.

पण मग मुलाखत वाईटच का? वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, मेडिकल कॉलेज काढलं. तिथे नीट येईपर्यंत स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि त्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. भौतिक-रसायन-जीवशास्त्र येतं, ठीक, पण खेड्यात का जाशील ते सांग. मुलं त्याचंही पाठांतर करत असणारच. तरी निदान कोणीतरी विचारत होतं. यादी काही लपवत नाही हे खरं, पण यादी काही विचारतही नाही. माझं मत विचाराल तर मला दोन्ही हवंय : यादीचा न्याय आणि तो प्रश्नही.

आता परत लालबागच्या खोलीत. परवा मी पुन्हा गेलो. म्हटलं, “मागच्या वेळी मी चुकलो. तुझं ते आजीचं सांग. मराठीत सांग.”

तिने सांगितलं. ती नववीत होती. आजीला घेऊन ती दर महिन्याला एका मोठ्या दवाखान्यात जायची, कारण मावशीची ड्युटी. सकाळी सहाला रांग, केसपेपर, मग डॉक्टर. डॉक्टर भरभर बोलायचे, अर्धं इंग्रजी. आजी मान हलवायची. बाहेर आल्यावर विचारायची, “काय म्हणाले गं?” मग ही पायरीवर बसून केसपेपर लावायची, अक्षर ओळखायची, गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढायची. सकाळची गोळी सूर्य, रात्रीची चंद्र. एकदा तिची चाचणी परीक्षा होती म्हणून ती गेली नाही. आजीने एकटीने मान हलवली, घरी येऊन गोळ्या दुप्पट घेतल्या, आणि रात्री चक्कर येऊन पडली. वाचली. पण ही म्हणाली, “दादा, त्या डॉक्टरांची चूक नव्हती रे, मागे शंभर लोक होते. पण मला तिथे खुर्चीवर बसायचंय. माझ्या पेशंटला सोबत नववीतली पोरगी आणायला लागू नये.”

ओट्यापाशी मावशी आता उघडच ऐकत होती.

हेच मी ‘रडगाणं’ म्हणून डिलीट करायला सांगितलं होतं. आनंदीबाईंनी पत्रात जे केलं तेच या पोरीने केलं होतं, कोणाची सेवा, का होत नाही, आणि मीच का. आणि मी, घरातला इंटरव्ह्यू एक्स्पर्ट, ते काढून ‘नोबल प्रोफेशन’ टाकत होतो.

मग आम्ही श्रीरामपूरची पद्धत वापरली. सगळ्यात अवघड सहा प्रश्न तिने स्वतः वहीत लिहिले. त्यातला पहिला होता, “फौजेतच का? फी परवडत नाही म्हणून?” मी म्हटलं, काय सांगशील? ती म्हणाली, “हो, तेही आहे. प्रायव्हेटची फी आम्हाला जमणार नाही. पण जिथे दुसरा डॉक्टर नाही तिथे पोस्टिंग मिळालं तर तिथे मी लागेन.” मी एक शब्दही बदलला नाही. फक्त तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, सावकाश बोलायची प्रॅक्टिस घेतली. भाषेची चाळणी १८४५ पासून तिथेच आहे, तिला नुसती नावं ठेवून सकाळची गाडी थांबत नाही.

उद्या पहाटे दादरहून इंद्रायणी. मावशीने डब्यात थालीपीठ आणि चिवडा देणार म्हणून सांगितलंय, म्हणजे पोरगी उपाशी राहायची भीती नाही.

तुमच्या घरी दवाखान्यात ‘काय म्हणाले गं?’ याचं उत्तर कोण द्यायचं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावू.

ता. क. : हा भाग रेकॉर्ड केल्यानंतर ती पुण्याला जाऊन आली. निकाल अजून लागायचाय. आत काय विचारलं, ते ती कोणालाच सांगत नाही, मलासुद्धा. एवढंच म्हणाली, “दादा, वहीतला चौथा प्रश्न आला होता.” यादी लागेल तेव्हा इथे लिहीन. भेटू पुढच्या रविवारी.